बचत गट, बँक आणि मायक्रोफायनान्स कंपनी: छोटे कर्ज घेण्याची आणि फेडण्याची पद्धत

कमी उत्पन्नाच्या घरातील स्त्रीपर्यंत आज कर्ज मुख्यतः तीन वाटांनी पोहोचते. पहिली वाट तिच्या स्वतःच्या बचत गटाची, दुसरी त्या गटाला मिळणाऱ्या बँक कर्जाची आणि तिसरी मायक्रोफायनान्स कंपनीची, म्हणजे तारण न घेता छोटी कर्जे देणाऱ्या खासगी वित्तसंस्थेची. सावकाराची चौथी वाट जुनी आहे आणि ती अजूनही बंद झालेली नाही. गट सुरू करू पाहणाऱ्या स्त्रिया, त्यांना मदत करणारे कार्यकर्ते आणि घरचा फारसा आधार नसलेले अठरा-वीस वर्षांचे तरुण-तरुणी यांना या वाटा नीट ओळखता याव्यात आणि वापरता याव्यात, यासाठी पुढील माहिती दिली आहे. माझे ठाम मत असे आहे की या वाटा ज्या क्रमाने सांगितल्या त्याच क्रमाने वापराव्यात: आधी बचत, मग गटातील कर्ज, मग बँक आणि तरीही गरज उरली तरच कंपनी. प्रत्यक्षात अनेक वस्त्यांमध्ये हा क्रम उलटा झालेला दिसतो, कारण कंपनीचा माणूस दारात येतो आणि बँकेच्या दारात आपल्याला जावे लागते.

गट बांधताना

गटात साधारण १० ते २० स्त्रिया असाव्यात. डोंगराळ आणि आदिवासी भागात, तसेच दिव्यांग व्यक्तींच्या गटांसाठी ही संख्या पाचपर्यंत शिथिल केली जाते. एकाच वस्तीतील, साधारण सारख्या आर्थिक स्थितीतील आणि एकमेकींच्या घरी सहज जाणे-येणे असलेल्या स्त्रिया एकत्र आल्या तर गट टिकतो. पाच एकर बागायत असलेली बाई आणि रोजंदारीवर जाणारी बाई एका गटात बसू शकतात. मात्र बचतीची रक्कम ठरवताना पहिलीचा शब्द चालतो, आणि दोन-तीन महिन्यांत दुसरी गैरहजर राहू लागते. म्हणून बचतीची रक्कम गटातील सर्वांत गरीब सदस्येला आजारपणाच्या आठवड्यातही देता येईल एवढीच ठेवावी. रोजंदारी करणाऱ्या स्त्रियांना महिन्याला १०० रुपये एकदम काढण्यापेक्षा आठवड्याला २५ रुपये काढणे सोपे जाते, शिवाय दर आठवड्याला भेट झाल्याने अडचणही लवकर कळते.

स्थलांतराचा विचार नियम लिहितानाच करावा. बीड, अहिल्यानगर किंवा जालना जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्याकडे निघतात आणि हंगाम संपल्यावर परततात. त्या काळात बचत बंद ठेवायची, आगाऊ भरून जायची की फोनवरून गटाच्या खात्यात पाठवायची, याचा ठराव गट सुरू होतानाच झाला पाहिजे. तसे न केल्यास परत आलेल्या सदस्येच्या नावावर दंड चढलेला असतो आणि ज्या बाईला गटाची सर्वांत जास्त गरज आहे तीच बाहेर पडते. एकल, परित्यक्ता आणि विधवा स्त्रियांच्या बाबतीतही अशीच काळजी घ्यावी. त्यांना गटात घ्यायला कुरकुर होते, कारण ‘हिच्यामागे फेडायला कोण आहे’ हा प्रश्न विचारला जातो. वास्तविक अशा स्त्रिया स्वतःच घर चालवत असल्याने पैशाच्या व्यवहारात पुष्कळदा अधिक चोख असतात.

अध्यक्ष, सचिव आणि कोषाध्यक्ष सर्वानुमते निवडाव्यात आणि ही पदे ठरावीक काळाने बदलावीत. गटात एकच बाई लिहिती-वाचती असेल तर तीच वर्षानुवर्षे सचिव राहते, वह्या तिच्याच घरी असतात आणि हळूहळू गट तिच्या मर्जीवर चालू लागतो. हे टाळण्यासाठी दुसरी एखादी सदस्य हिशेब शिकेपर्यंत तिला सचिवाशेजारी बसवावे, किंवा सदस्यांपैकी कुणाच्या शाळेत जाणाऱ्या मुलीकडून बैठकीत वही मोठ्याने वाचून घ्यावी.

गटाच्या नावाने बँकेत बचत खाते उघडण्यासाठी ठरावाची प्रत, गटाचे नियम, पदाधिकाऱ्यांची आधार व पॅन यांसारखी ओळखपत्रे आणि छायाचित्रे लागतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बचत खाते उघडताना केवळ पदाधिकाऱ्यांची ओळख-पडताळणी पुरेशी आहे. सर्व सदस्यांची कागदपत्रे त्या टप्प्यावर मागण्याची गरज नाही. शाखेत अडवणूक झाली तर हा नियम नम्रपणे दाखवावा, अर्जाची पोच मागावी आणि तरीही काम झाले नाही तर जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या, म्हणजे जिल्ह्यातील बँकांच्या कामाचा समन्वय ठेवणाऱ्या बँकेच्या व्यवस्थापकाकडे लेखी तक्रार करावी. ग्रामीण भागात उमेद अभियानाच्या समुदाय संसाधन व्यक्ती आणि बँक सखी, तर महिला आर्थिक विकास महामंडळाच्या, म्हणजे माविमच्या गटांना त्याच्या क्षेत्रीय कार्यकर्त्या, म्हणजे सहयोगिनी, या कामात मदत करतात. माविमची स्थापना १९७५ साली झाली, तर उमेद हे राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचे महाराष्ट्रातील रूप आहे. गट कोणत्या यंत्रणेशी जोडलेला आहे हे सदस्यांना माहीत असायलाच हवे, कारण पुढचे निधी आणि प्रशिक्षण त्या मार्गानेच येतात.

बैठक आणि वही

गटाची खरी ताकद बैठकीत असते. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जवाटप, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब या पाच गोष्टींना पंचसूत्री म्हणतात आणि बँक कर्ज देताना नेमके याच पाच गोष्टी तपासते. बँकांनी बचत गटांना कर्ज देण्याचा प्रयोग नाबार्डने, म्हणजे राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेने, १९९२ साली ५०० गटांपासून सुरू केला. तारण नसलेल्या स्त्रियांची वही हीच त्यांची पत, असा त्यामागचा विचार होता आणि तो आजही तितकाच खरा आहे.

बैठक पुढीलप्रमाणे चालवावी. सर्वजणी गोल बसल्यावर हजेरी घ्यावी आणि मागच्या बैठकीअखेरची शिल्लक मोठ्याने वाचावी. पेटी उघडून तेवढी रोकड खरोखर आहे की नाही ते सगळ्यांसमोर मोजावे. त्यानंतर एकेकीने पुढे येऊन बचत, कर्जाचे मुद्दल आणि व्याज वेगवेगळे सांगून द्यावे. सचिवाने ते लगेच तिच्या पासबुकात आणि गटाच्या खतावणीत लिहावे, आणि त्या बाईने आपले पासबुक जागेवरच तपासावे किंवा शेजारणीकडून वाचून घ्यावे. मग कर्जाच्या मागण्या ऐकाव्यात. शेवटी नवी शिल्लक मोजून, वाचून, इतिवृत्तावर सर्वांच्या सह्या किंवा अंगठे घ्यावेत. पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे आणि वह्या तिसरीकडे ठेवण्याची पद्धत अविश्वासाची मुळीच नाही. चोरी झाली किंवा घरातल्या पुरुषाने पैसे मागितले तर त्या बाईला ‘माझ्याकडे सगळे नाहीच’ असे म्हणता येते, आणि तेच तिचे संरक्षण असते. ‘वही घरी जाऊन लिहिते’ हे वाक्य एकदाही चालू देऊ नये. गटातील बहुतेक भांडणे आणि अफरातफरी त्या वाक्यापासून सुरू होतात.

आता आकडे पाहू. १२ जणींनी आठवड्याला २५ रुपये टाकले तर आठवड्याला ३०० रुपये जमतात, सहा महिन्यांत ७,८०० आणि वर्षाला १५,६०० रुपये. ही रक्कम लहान वाटते, पण पहिल्या महिन्यापासून ती कर्जाऊ फिरू लागली तर औषधपाणी, शाळेची फी, बियाण्याची पिशवी यांसारख्या गरजा गावातच भागतात. पहिली कर्जे ५०० ते २,००० रुपयांची, दोन-तीन महिन्यांत फिटणारी असावीत. त्यातून दोन गोष्टी साधतात: कोण कशी फेड करते हे सर्वांना दिसते आणि प्रत्येकीला हप्ता द्यायची सवय लागते.

व्याजाचा हिशेब प्रत्येक सदस्येला तोंडी करता आला पाहिजे. गट दरमहा शेकडा २ रुपये दराने कर्ज देतो असे समजू. १०,००० रुपये १० महिन्यांसाठी घेतले, दरमहा १,००० रुपये मुद्दल परत केले आणि उरलेल्या मुद्दलावरच व्याज आकारले, तर पहिल्या महिन्याचे व्याज २०० रुपये, दुसऱ्याचे १८०, तिसऱ्याचे १६० असे उतरत जाऊन शेवटच्या महिन्यात २० रुपये होते. दहा महिन्यांचे एकूण व्याज १,१०० रुपये, आणि ते गटाच्याच पेटीत म्हणजे तिच्याही मालकीच्या पैशात जमा होते. हेच १०,००० रुपये सावकाराकडून शेकडा ५ रुपयांनी घेतले, तर दरमहा ५०० रुपये व्याज देता देता दहा महिन्यांत ५,००० रुपये जातात आणि मुद्दल जसेच्या तसे अंगावर राहते. हा हिशेब बैठकीत पाटीवर किंवा खडूने जमिनीवर मांडून दाखवावा. भाषणाने जे पटत नाही ते या दोन ओळींनी पटते.

सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात म्हसवड येथे चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. तिचा परवान्यासाठीचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने फेटाळला होता, कारण प्रवर्तक स्त्रियांपैकी अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या स्त्रियांनी साक्षरतेचे वर्ग सुरू केले आणि पुन्हा जाऊन अधिकाऱ्यांना सांगितले की कोणत्याही मुद्दलाचे व्याज आम्हाला काढायला सांगा. अक्षरओळख नसलेल्या बाईला हिशेब येत नाही, या समजाला यापेक्षा चांगले उत्तर मिळणे कठीण आहे.

बँकेचे कर्ज

सहा महिने पंचसूत्री पाळणारा आणि मूल्यांकनात उत्तीर्ण होणारा गट बँक कर्जाला पात्र ठरतो. त्याआधी, काही महिने नीट चाललेल्या पात्र गटाला उमेद अभियानाकडून फिरता निधी मिळतो. महाराष्ट्रात ही रक्कम १५,००० वरून ३०,००० रुपये करण्यात आली. हा निधी अनुदान म्हणून सदस्यांमध्ये वाटून टाकायचा नसतो. तो गटाच्या भांडवलात जमा होऊन कर्जाऊ फिरत राहिला पाहिजे.

अभियानाच्या गटांसाठी रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या पद्धतीनुसार पहिले कर्ज गटाच्या निधीच्या (बचत आणि फिरता निधी मिळून) सहापट किंवा किमान दीड लाख रुपये, यांपैकी जे जास्त असेल तेवढे मिळू शकते. दुसरे कर्ज निधीच्या आठपट किंवा किमान तीन लाख रुपये असते, आणि तिसऱ्यापासून गटाच्या सूक्ष्म पतपुरवठा आराखड्यानुसार, म्हणजे कोणत्या सदस्येला कशासाठी किती कर्ज लागेल याच्या लेखी योजनेनुसार, किमान सहा लाखांचा विचार होतो. वरील उदाहरणातील गटाची बचत ७,८०० आणि फिरता निधी ३०,००० धरला तर निधी ३७,८०० रुपये होतो आणि त्याच्या सहापट म्हणजे २,२६,८०० रुपये. गटाला १० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागता येत नाही, गटाचे बचत खाते गोठवून ठेवता येत नाही आणि कर्जासाठी मुदत ठेव ठेवण्याची सक्तीही करता येत नाही. तीन लाखांपर्यंतच्या कर्जावर वार्षिक ७ टक्के दर लागतो. गटातील एखादी सदस्य किंवा तिच्या घरचे बँकेचे थकबाकीदार असले, तरी गट स्वतः थकबाकीत नसेल तर एवढ्या कारणावरून गटाचे कर्ज सहसा अडवू नये, असेही बँकांना सांगितलेले आहे. फक्त त्या कर्जातून थकबाकीदार सदस्येला पैसे देता येत नाहीत.

कर्ज हातात आले की ते समान वाटण्याचा मोह होतो. वरच्या रकमेचे १२ समान भाग केले तर प्रत्येकीला १८,९०० रुपये येतात आणि भांडण टळते, पण तेवढ्या पैशात दुभती म्हैस येत नाही, आणि ज्या बाईला फक्त ५,००० हवे होते तिच्या अंगावर नको असलेले कर्ज बसते. आराखडा तयार करताना प्रत्येकीने चार गोष्टी सांगाव्यात: काय करणार, किती लागेल, पैसा कधी सुटू लागेल आणि घरात आधीचे हप्ते कोणते आहेत. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची असून तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. भाजी विकणाऱ्या बाईच्या हातात रोज पैसा येतो, तिला साप्ताहिक हप्ता पेलतो. शिवणकाम करणारीला लग्नसराईत आणि दिवाळीत काम असते, पावसाळ्यात कमी. शेळी घेणारीला पाच महिन्यांची गाभण अवस्था आणि त्यानंतर पिलू वाढून विकण्याजोगे होईपर्यंतचा काळ धरला तर वर्षभर त्या शेळीतून रोख पैसा येत नाही. मग तो हप्ता मजुरीतून जाणार हे आधीच मान्य करून किती शेळ्या घ्यायच्या ते ठरवावे. कर्जाचा हप्ता धंद्याच्या चालीने बांधला नाही तर चांगला धंदाही बुडतो, आणि दोष बाईच्या नावावर लिहिला जातो.

लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये, जे जुलै २०२४ पासून पात्र स्त्रियांना मिळू लागले, ते अनेक घरांत हप्त्यासाठी गृहीत धरले जातात. योजनेचे निकष, पडताळणी किंवा जमा होण्याची तारीख बदलू शकते, पण हप्त्याची तारीख बदलत नाही. दोन-तीन वर्षांचे कर्ज अशा रकमेच्या भरवशावर उचलू नये. ती रक्कम बचतीत किंवा विम्यात घालावी. प्रधानमंत्री जीवनज्योती विमा वर्षाला ४३६ रुपयांत आणि सुरक्षा विमा २० रुपयांत मिळतो, आणि दोन्हींत दोन लाखांचे संरक्षण आहे: पहिल्यात कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास, दुसऱ्यात अपघाती मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास. घरातील कर्त्या माणसाच्या मृत्यूनंतर विधवेच्या अंगावर उरणारे कर्ज ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या ४५६ रुपयांचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

कंपनीचे कर्ज घेण्यापूर्वी

मायक्रोफायनान्स कंपनीही स्त्रियांचा गट करते, पण तो बचत गट नव्हे. त्यात बचत नसते, भांडवल कंपनीचे असते, व्याज कंपनीकडे जाते आणि गटाचे काम मुख्यतः एकमेकींची हमी देणे हे असते. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांनी तो भरावा असा दबाव येतो. कंपनीची ही व्यवस्था कायदेशीर आहे, ती काही स्त्रियांच्या खऱ्या उपयोगी पडते आणि सावकारापेक्षा ती पुष्कळ बरी आहे, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही सही करण्यापूर्वी पुढील नियम माहीत असावेत. ते रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२२ पासून लागू केले आहेत आणि बँका, लघुवित्त बँका व कंपन्या अशा सर्वांना बंधनकारक आहेत.

ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न तीन लाख रुपयांपर्यंत आहे त्याला दिलेले विनातारण कर्ज हे मायक्रोफायनान्स कर्ज मानले जाते. येथे कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुले. त्या घरातील सर्व कर्जांचे सर्व हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त होता कामा नयेत, आणि त्यात मोटारसायकलचा हप्ता, सोनेतारण, मोबाइलचा हप्ता हे सगळे आले. महिना १६,००० रुपये मिळत असतील तर सर्व हप्त्यांची मर्यादा ८,००० रुपये. ही नियमातली वरची सीमा आहे. मजुरीवर चालणाऱ्या घराने ती गाठू नये, उत्पन्नाच्या एक-चतुर्थांशापाशीच थांबावे असे मी आग्रहाने सांगेन, कारण पावसाळ्यातल्या कामाविना जाणाऱ्या आठवड्यांचा हिशेब कोणत्याही अर्जात नसतो. उत्पन्न फुगवून लिहिणाऱ्या प्रतिनिधीला तिथेच थांबवावे. वाढवून लिहिलेल्या उत्पन्नाने कर्ज मोठे होते, उत्पन्न मोठे होत नाही.

कंपनीने कर्जाचे माहितीपत्रक आणि कर्जकार्ड आपल्याला समजणाऱ्या भाषेत दिले पाहिजे. त्यात न लिहिलेले कोणतेही शुल्क घेता येत नाही. मुदतीआधी कर्ज फेडल्यास दंड लावता येत नाही, आणि हप्ता उशिरा झाल्यास दंड फक्त थकलेल्या रकमेवर लागतो, संपूर्ण कर्जावर नाही. मिक्सर, मोबाइल, सौरदिवा किंवा अन्य वस्तू कर्जाबरोबर घेण्याची सक्ती करता येत नाही. २०२२ पासून व्याजदराला सरकारी कमाल मर्यादा उरलेली नाही, त्यामुळे दोन-तीन ठिकाणचे दर विचारून पाहणे ही जबाबदारी आता कर्जदार स्त्रीवर आली आहे.

दर विचारताना तो सरसकट, म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवर आहे, की घटत्या शिलकीवर, म्हणजे उरलेल्या मुद्दलावर आहे हे विचारावे. ४०,००० रुपये दोन वर्षांसाठी १२ टक्के सरसकट दराने घेतले तर व्याज ९,६०० रुपये होते आणि मासिक हप्ता सुमारे २,०६७ रुपये. ऐकायला १२ टक्के, पण घटत्या शिलकीवर मोजले तर हाच दर साडेएकवीस टक्क्यांच्या पुढे जातो. त्याच रकमेवर घटत्या शिलकीने २४ टक्के दर असेल तर मासिक हप्ता सुमारे २,११५ रुपये बसतो. म्हणजे ऐकताना दुप्पट वाटणाऱ्या दोन दरांत हप्त्याचा फरक पन्नास रुपयांच्याही आत आहे. म्हणून टक्क्यांवर विसंबू नये. ‘हातात नेमके किती पडणार आणि शेवटपर्यंत एकूण किती परत करणार’ हे दोन आकडे लिहून मागावेत. हातात पडणारी रक्कम प्रक्रिया शुल्क आणि विम्याचा हप्ता वजा होऊन येते, हेही लक्षात ठेवावे.

दोन गोष्टी कधीही करू नयेत. पहिली, जुने कर्ज फेडण्यासाठी दुसऱ्या कंपनीचे नवे कर्ज. २०१० साली आंध्र प्रदेशात नेमका हाच डोंगर कोसळला: एकाच घरावर अनेक कंपन्यांची कर्जे, वसुलीचा जाच, आत्महत्यांच्या बातम्या, आणि ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारचा अध्यादेश. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या मालेगाम समितीच्या अहवालातून या क्षेत्राच्या आजच्या नियमांची सुरुवात झाली. दुसरी गोष्ट, दुसरीसाठी आपल्या नावावर कर्ज उचलणे. नणंद, शेजारीण, गटाची प्रमुख किंवा ‘हप्ते मीच भरीन’ म्हणणारा एजंट, यांच्यासाठी दिलेली सही नात्याला धरून दिली जाते. पुढे हप्ता थांबतो, नोंद मात्र आपल्या नावावर राहते आणि चार वर्षांनी स्वतःच्या मुलीच्या शिक्षणासाठी बँकेत गेल्यावर ती समोर येते. आपल्या नावावर काय काय आहे हे पाहण्यासाठी सिबिल, सीआरआयएफ हाय मार्क यांसारख्या प्रत्येक पतमाहिती संस्थेकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. तो प्रत्येकीने काढावा.

तरुणांसाठी

शाळा सुटलेला, वडिलांविना वाढलेला किंवा बालगृहातून अठराव्या वर्षी बाहेर पडलेला तरुण कर्ज मागायला जातो तेव्हा त्याच्याकडे जामीन नसतो, पत्ता कच्चा असतो आणि धंद्याचा अनुभव नसतो. त्याच्या हातात आधी कर्ज देणे म्हणजे त्याला एकट्याला पुरात सोडण्यासारखे आहे. आधी खाते, मग कसब, मग छोटे कर्ज असा क्रम धरावा. दहा वर्षांवरील मुलांना स्वतः चालवता येईल असे बचत खाते बँका उघडून देऊ शकतात, त्यामुळे ही सवय फार लवकर लावता येते.

कसबासाठी आपल्या जिल्ह्यातील ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आरसेटीत, चौकशी करावी. तिथले प्रशिक्षण, राहणे आणि जेवण मोफत असते. शिवण, दुग्धव्यवसाय, मोबाइल दुरुस्ती, ब्युटी पार्लर, कुक्कुटपालन असे अल्पमुदतीचे वर्ग चालतात आणि नंतर बँक कर्जाच्या अर्जासाठी पाठपुरावाही केला जातो. बालगृहातून बाहेर पडलेल्यांना बाल न्याय कायद्यानुसार १८ ते २१ या वयात अनुरक्षणाची, म्हणजे संस्थेबाहेर पडल्यानंतर पायावर उभे राहण्यासाठीची मदत मिळू शकते. त्यासाठी जिल्हा बाल संरक्षण कक्षाशी संपर्क साधावा, आणि ओळखीचे व पत्त्याचे कागदही तिथूनच मार्गी लावून घ्यावेत.

पहिल्या धंद्यासाठी मुद्रा योजनेतील ‘शिशु’ गट योग्य ठरतो. एप्रिल २०१५ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत शिशु कर्ज ५०,००० रुपयांपर्यंत असते आणि त्याला तारण लागत नाही. शहरातील फेरीवाल्यांसाठी २०२० पासून पीएम स्वनिधी योजना आहे. तिचे पहिले कर्ज सुरुवातीला १०,००० रुपयांचे होते, ते नंतर १५,००० करण्यात आले, आणि ते वेळेत फेडल्यावर पुढचे मोठे मिळते. अर्जाबरोबर वस्तूंचे दरपत्रक, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि एक पानाचा साधा हिशेब द्यावा: रोज किती विक्री, किती खर्च, हातात किती. अधिकाऱ्याचा विश्वास बसतो तो या पानामुळे. मुद्रा कर्ज मिळवून देतो म्हणून आगाऊ पैसे मागणारा कोणीही बँकेचा माणूस नसतो.

तरुणांना आज सर्वांत मोठा धोका मोबाइलवरील कर्जाच्या ॲपचा आहे. पाच मिनिटांत पाच हजार मिळतात, आठवड्यात सात हजार मागितले जातात, आणि फोनमधील सर्व नंबर व छायाचित्रे त्यांच्या हाती गेल्यावर नातेवाइकांना धमक्या सुरू होतात. ॲपमागे कोणती बँक किंवा नोंदणीकृत वित्तसंस्था आहे, हे स्पष्ट लिहिलेले नसेल तर ते उतरवून घेऊच नये. फोनमधील संपर्क आणि छायाचित्रे पाहण्याची परवानगी मागणारे ॲप तर ताबडतोब काढून टाकावे. छळ सुरू झाला असेल तर पैसे भरत न राहता संदेशांची छायाचित्रे जपून ठेवावीत, घरात एका विश्वासू माणसाला सांगावे आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करावी.

हप्ता थकला तर

हप्ता जमणार नाही असे दिसताच, तारीख उलटण्याआधी, गटात किंवा शाखेत सांगावे. आजारपण, अपघात किंवा पीक गेल्याचा कागद जोडून मुदत वाढवून मागणारा साधा अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. गटाने अशा वेळी दंडाऐवजी हप्ता लहान करून द्यावा, आणि तसा ठराव इतिवृत्तात लिहावा. कर्जमाफी होणार आहे, हप्ते भरू नका, असे सांगत फिरणाऱ्यांच्या मागे जाऊ नये; ते सभासद शुल्क घेऊन निघून जातात आणि थकबाकीची नोंद बायकांच्या नावावर राहते.

कंपनीची वसुली ठरलेल्या जागीच झाली पाहिजे. सलग दोन किंवा अधिक वेळा कर्जदार तिथे आली नाही तरच प्रतिनिधी घरी किंवा कामाच्या जागी येऊ शकतो. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करणे, शिवीगाळ करणे, नातेवाइकांना किंवा शेजाऱ्यांना त्रास देणे, कर्जदाराचे नाव जाहीर करणे, हे सर्व नियमबाह्य आहे. असे घडल्यास तारीख, वेळ आणि काय बोलले गेले ते त्याच दिवशी लिहून ठेवावे. आधी कर्जकार्डावरील तक्रार क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, विनाशुल्क तक्रार करता येते. १४४४८ या क्रमांकावर मराठीतही माहिती मिळते. धमकी किंवा हात उगारण्याची वेळ आली तर ३० दिवस थांबण्याचे कारण नाही. ११२ वर फोन करावा.

सावकाराकडे अडकलेल्या कुटुंबाने त्याच्याकडे परवाना आहे का हे सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या तालुका कार्यालयात विचारावे. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा, २०१४ नुसार विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे, आणि अशा व्यवहारात बळकावलेली जमीन किंवा घर चौकशीनंतर परत देण्याचा आदेश जिल्हा निबंधक देऊ शकतात. अर्जासोबत चिठ्ठ्या, कोऱ्या धनादेशांचे क्रमांक, खरेदीखताची प्रत आणि व्यवहाराच्या वेळी हजर असलेल्यांची नावे द्यावीत. कागद नसेल तरी अर्ज करावा, कारण चौकशीत साक्षीदारांचे जबाब घेतले जातात.